छोट्या मोटरसाठी घरगुती डायनॅमोमीटर: ब्रेक कोणता लावावा?

मोटरच्या लेबलवर २०० वॅट छापलेले असतात. ते तारांतून आत जाणारे की शाफ्टवर बाहेर मिळणारे, हे लेबल सांगत नाही. ते कळायला मोटरला मुद्दाम भार द्यावा लागतो, टॉर्क (शाफ्टचा पीळ) मोजावा लागतो आणि फेरे मोजावे लागतात; हे करणारं साधन म्हणजे डायनॅमोमीटर. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, त्याला आरपीएमने गुणा आणि ९.५५ ने भागा, की शाफ्टवरचे वॅट मिळाले. गणित इतकंच आहे. प्रश्न आहे तो भार कशाने द्यायचा, आणि २० ते ३०० वॅटच्या मोटरसाठी चार मार्ग घरी जमण्यासारखे आहेत: घर्षणाचा ब्रेक, एडी करंटचा (चुंबकाजवळ फिरणाऱ्या धातूत उपजणाऱ्या भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहांचा) ब्रेक, जनरेटर म्हणून दुसरी मोटर, किंवा नुसतं फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टवरची जड चकती.

त्याआधी टॉर्क मोजण्याचं बघू, कारण निम्मे जुगाड इथेच फसतात. मोटर शाफ्टला जेवढा पीळ देते तेवढाच उलटा पीळ तिच्या बॉडीला बसतो. म्हणून मोटर घट्ट न आवळता शाफ्टच्याच रेषेत दोन बेअरिंगवर मोकळी झुलती ठेवायची, बॉडीला एक आडवा दांडा लावायचा आणि दांड्याचं टोक लोड सेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) टेकवायचं. समजा, मोटर ३००० आरपीएमला ०.२ न्यूटन-मीटर देते, म्हणजे सुमारे ६३ वॅट. दांडा १० सेंटीमीटरचा असेल तर टोकाला २ न्यूटन येतील, म्हणजे जेमतेम २०४ ग्रॅमचा भार. इथे ५ किलोचा लोड सेल लावला तर त्याच्या क्षमतेचा पंचविसावा भागच वापरात येतो. ५०० ग्रॅमचा किंवा १ किलोचा घ्या. लोड सेलचा सिग्नल वाचणारं एचएक्स ७११ चं बोर्ड सेकंदाला १० किंवा ८० वाचनं देतं. स्थिर भारावर मोजायचं असेल तर १० पुरेत.

आता ब्रेक. सगळ्यात जुना घर्षणाचा. गास्पार द प्रोनी यांनी १८२१ साली मांडलेली कल्पना आजही तशीच चालते. त्याचा सोपा अवतार म्हणजे पुलीवर गुंडाळलेली दोरी आणि तिच्या दोन टोकांना दोन स्प्रिंग काटे. दोन्ही काट्यांतला फरक गुणिले पुलीची त्रिज्या (दोरीची अर्धी जाडी धरून) म्हणजे टॉर्क. यात मोटर झुलती ठेवायचीही गरज नाही. याचं मोठं बळ असं की मोटर जवळपास थांबलेली असतानाही तो भार देतो, आणि बाकीच्या तिघांना ते नीट जमत नाही. गिअर मोटरचा स्टॉल टॉर्क (भाराने ती अडून थांबते तेव्हाचा टॉर्क) मोजायचा असेल तर शोध इथेच थांबवा. पण वेग वाढला की दोरी तापते, घर्षण बदलतं आणि काटे नाचू लागतात. एक वाचन नीट लिहून होईपर्यंत दुसरंच दिसत असतं. ५० वॅटच्या पुढे हे चिडचिड करायला लावणारं काम आहे.

एडी करंटचा ब्रेक बघायला सगळ्यात देखणा. शाफ्टवर ॲल्युमिनियमची चकती, तिच्या दोन्ही बाजूंना चुंबकं. कुठेही स्पर्श नाही, झीज नाही, आवाज नाही. चुंबकं जवळ-दूर सरकवली की भार कमी-जास्त. कमी वेगात याचा टॉर्क वेगाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे मोटर आपोआप एका वेगावर स्थिरावते आणि लोड सेलचा आकडा हलत नाही. ही सोय वापरल्याशिवाय कळत नाही. उणी बाजूही तिथूनच येते: वेग शून्य म्हणजे ब्रेकही शून्य. शिवाय मोटरची सगळी ताकद चकतीत उष्णता होऊन साठते. ॲल्युमिनियम तापलं की त्याचा रोध वाढतो आणि ब्रेक सैलावतो. साध्या प्रतीची निओडिमियम चुंबकं ८० अंश सेल्सिअसच्या वर कायमची कमजोर होऊ शकतात, तेव्हा चकती मोठी घ्या आणि पंखा लावा.

तिसरा मार्ग लोकांना सगळ्यात सोपा वाटतो: दोन मोटरी कपलिंगने जोडायच्या, दुसरीला रेझिस्टर लावायचे आणि व्होल्ट गुणिले अँपिअर करून ‘ही मोटरची ताकद’ म्हणायचं. ही मोटरची ताकद नाही. जनरेटरचं तांबं, लोखंड, बेअरिंग आणि डायोड यांनी खाल्लेला वाटा त्यात आलेलाच नाही, आणि तो वाटा वेगागणिक बदलतो. हीच जोडी झुलत्या मोटरसकट, लोड सेलवर टॉर्क मोजत वापरली तर मात्र उत्तम, कारण मग जनरेटर किती वाया घालवतो याच्याशी आपल्याला देणंघेणं उरत नाही. भार विजेवर बदलता येतो आणि उष्णता दूर ठेवलेल्या रेझिस्टरमध्ये जाते.

फक्त जनरेटर निवडताना केव्ही बघा; हे किलोव्होल्ट नव्हे, तर एका व्होल्टमागे किती आरपीएम, तो आकडा. १००० केव्हीची ब्रशलेस मोटर १००० आरपीएमला साधारण १ व्होल्ट देते, आणि तिच्या एसीचं डीसी करणाऱ्या सिलिकॉन ब्रिजमधल्या दोन डायोडना मिळूनच १.४ व्होल्टच्या आसपास लागतात. म्हणजे त्या वेगाला करंटच वाहणार नाही आणि भारही पडणार नाही. १०० ते २०० केव्हीची मोठी, संथ मोटर घ्या.

फ्लायव्हीलला लोड सेलच लागत नाही. चकतीचं जडत्व माहीत असलं आणि वेग कसा चढला हे नोंदलं की टॉर्क गणिताने निघतो. १० सेंटीमीटर व्यासाची, १ सेंटीमीटर जाडीची पोलादी चकती ६०० ग्रॅमहून थोडी जास्त भरते. तिला ६००० आरपीएमपर्यंत न्यायला सुमारे १५० ज्यूल लागतात. सरासरी १०० वॅट देणारी मोटर हे दीड सेकंदात करते आणि तेवढ्यात पूर्ण आलेख हाती येतो. त्या वेळात मोटर फारशी तापत नाही, हा फायदाही आणि तोटाही: अर्धा तास चालवल्यावर ती काय देईल हे इथे कधीच कळणार नाही. आणि फिरत्या चकतीभोवती जाड आवरण हवंच, यात तडजोड नाही.

एकाच प्रकारच्या दहा मोटरी पटापट ताडून बघायच्या असतील तर फ्लायव्हील. अतिमंद वेगाच्या मोटरींसाठी दोरी. वेगवान, हलक्या मोटरींसाठी एडी करंट. कार्यक्षमता मोजायची असेल, तासभर भारावर चालवून तापमान बघायचं असेल, तर जनरेटर, आणि मला एकच बांधायचा असता तर मी हाच बांधला असता. मात्र झुलती मोटर आणि लोड सेल हा भाग कायमचा ठेवा, आणि समोरचा ब्रेक चार बोल्टवर बदलता येईल असा करा.

मोटरच्या तारा मऊ सिलिकॉनच्या घ्या आणि शाफ्टच्या रेषेतून बाहेर काढा. कडक तार दांड्याला ओढून धरते आणि तेवढे ग्रॅम खोटे येतात. व्होल्टेज सप्लायच्या डिस्प्लेवरून न घेता मोटरच्या टोकांवर मोजा. कॅलिब्रेशन तारा जोडलेल्या असतानाच करा: ठरलेल्या अंतरावर १०० ग्रॅमचं वजन टांगा, आकडा बघा, वजन काढा. आकडा शून्यावर परत आला नाही तर ब्रेकला दोष देण्याआधी बेअरिंग आणि तारा तपासा.