शोषक अंतर्वस्त्रांचा न जाणारा वास : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कपाटातून काढलेली पँटी नाकाशी धरली तर काहीच वास नाही. अंगात घालून अर्धा तास झाला, अंगाची ऊब आणि जरासा ओलावा लागला, की तोच जुना वास वर येतो. धुऊन पुन्हा वापरायच्या शोषक अंतर्वस्त्रांबद्दल आठ महिन्यांनंतर हीच एक तक्रार उरली आहे, मग ती पाळीसाठीची असोत की लघवी गळते म्हणून घेतलेली. शोषण चोख आहे, गळती नाही, इलॅस्टिकही सैल पडलेलं नाही. पण सोबतच्या चिठ्ठीवर ‘थंड पाण्यात धुवा, सॉफ्टनर वापरू नका’ यापलीकडे अक्षर नाही. या दोन्ही सूचना काटेकोरपणे पाळूनही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कापड वास धरतंच, आणि संताप येतो तो याचाच.

माझ्या मते खरा दोष मधल्या पट्टीच्या मागच्या शिवणीत आहे. आतून मऊ पदर, मध्ये शोषक थर, त्यामागे पाणी अडवणारा पीयूएलचा (पॉलीयुरेथेनचा पातळ थर चिकटवलेल्या कापडाचा) पदर, अशी या पट्टीची रचना असते. पण पीयूएल जसा ओल बाहेर येऊ देत नाही, तसाच धुण्याचं पाणीही त्या बाजूने आत जाऊ देत नाही. बाहेरून नळाची कितीही धार सोडा, शोषक थरापर्यंत काही पोचत नाही. धुणं होतं ते फक्त आतल्या बाजूने. त्यातही मागच्या टोकाला तीन-चार पदर दुमडून एकत्र शिवलेले असतात. तिथे पाणी शिरतं उशिरा आणि निघतं त्याहून उशिरा. पट्टी हाताला अगदी कोरडी लागते तेव्हा कोरडा टिश्यू पेपर त्या शिवणीवर अंगठ्याने दहा सेकंद दाबून बघा. कागदावर शिवणीच्या आकाराचा ओलसर डाग उमटतो. अशी पँटी घडी करून कपाटात गेली की पुढचं सगळं ठरलेलंच. ओल्या कपड्यांना कुबट वास आणणारा मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जंतू नुसत्या वाळण्याने मरत नाही. ओलावा मिळाला की पुन्हा वाढतो.

उपाय करण्याआधी वास ओळखायला हवा, कारण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. डोळ्यांत जाणारा, झोंबणारा वास अमोनियाचा. ताज्या लघवीला तो फारसा नसतो. लघवीतल्या युरियाचं जंतू अमोनियात रूपांतर करतात, त्यामुळे पँटी जितकी जास्त वेळ न धुता राहील तितका तो वाढतो. लोखंडासारखा, किंचित कुजका वास रक्ताचा. आणि ओल्या फडक्यासारखा कुबट वास म्हणजे नीट न वाळल्याची खूण.

पहिले तीन महिने मी व्हिनेगरला पैकीच्या पैकी गुण दिले असते. आता निम्मेच देईन. एक भाग साधं पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, वीस मिनिटं भिजवणं, एवढ्याने अमोनियाचा वास जातो, कारण अमोनिया अल्कधर्मी आणि व्हिनेगर आम्ल. पण ते आहे तो अमोनिया मारतं. तो तयार करणारे जंतू आणि त्यांना आसरा देणारा साबणाचा थर जागेवरच राहतो. म्हणून वास आठवड्याभरात परत येतो. दर धुण्याला आम्ल वापरलं तर इलॅस्टिकही लवकर कमजोर होतं. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालण्याचा सल्ला तर सोडूनच द्या. फेस भरपूर येतो, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि भांड्यात उरतं ते जवळपास खारट पाणी.

शिवणीइतकाच मोठा गुन्हेगार साबण आहे, आणि तो आपणच घालत असतो. वास आला की डिटर्जंट वाढवायचं, ही सगळ्यांची पहिली चूक. जाड शोषक थरातून जास्तीचं डिटर्जंट पूर्ण निघत नाही. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका धाग्यांवर बसतो. साबणाची वडी थेट पट्टीवर घासणं यात सर्वांत वाईट. धुतलेली, वाळलेली पँटी साध्या कोमट पाण्यात बुडवून पट्टी पाच-सहा वेळा दाबा. पाणी गढूळ झालं किंवा फेस आला तर वासाचं कारण सापडलं. पट्टीवर पाण्याचा थेंब टाकून बघणंही सोपं. तो लगेच न जिरता मण्यासारखा तरंगला तर धाग्यांवर सॉफ्टनर किंवा साबण बसला आहे. मग शोषणही कमी होणार.

हाताने धुताना पाच लिटर पाण्यात तीन-चार पँटींना एक चहाचा चमचा द्रव डिटर्जंट पुरे. मशीनमध्ये पाकिटावर लिहिलं असेल त्याच्या निम्मं. डिटर्जंट निम्मं केल्यावर वास कमी झाला आणि बाटलीही दुप्पट दिवस पुरली. डिटर्जंट एन्झाइमवालं घ्या, पाकिटावर तो शब्द असतो. त्यातलं प्रोटीएज नावाचं एन्झाइम रक्तातली प्रथिनं तोडतं. पण त्याला वेळ लागतो आणि पाणी कोमट लागतं. म्हणून आधी थंड पाण्यात, पाणी दोन-तीनदा बदलत, रक्त निघेपर्यंत दाबून घ्यायचं. सुरुवातीलाच गरम पाणी ओतलं तर प्रथिनं गोठून धाग्यात घट्ट बसतात. त्यानंतर ३० ते ४० अंशांच्या डिटर्जंटच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवणं मात्र नको, ते पाणीच सकाळी वास मारतं. वापरलेली पँटी बंद पिशवीत ठेवावी लागली तर काही तासच, आणि आधी एकदा पाण्यातून काढून.

पट्टी पिळायची नाही. पिळण्याने पीयूएल कापडापासून सुटतो, त्यात फुगे येतात, आणि त्या फटीत शिरलेलं पाणी पुढे कधीच नीट वाळत नाही. पँटी उलटी करायची, पट्टी तळव्यावर पसरायची आणि दुसऱ्या तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने मागच्या शिवणीपासून पुढे दाबत न्यायचं. निघणारं पाणी स्वच्छ आणि बिनफेसाचं होईपर्यंत. साधारण तीन-चार पाण्यांत होतं.

जुना, मुरलेला वास काढायला महिन्यातून एकदा ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. चार-पाच लिटर ४० अंशांच्या पाण्यात एक मोठा चमचा, पूर्ण विरघळवून, मगच पँटी घालायच्या. तास-दीड तास पुरे. भांडं झाकण लावून घट्ट बंद करायचं नाही, त्यातून वायू सुटत असतो. थंड पाण्यात ते फार सावकाश काम करतं, आणि जास्त गरम पाणी पीयूएलला मानवत नाही, म्हणून ४० हा मधला आकडा. गडद रंगाच्या पँटीचा कोपरा आधी भिजवून बघा. जड पाण्याचा साका असेल तर हे करण्याआधी वेगळ्या पाण्यात, एका लिटरला एक चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड घालून पंधरा मिनिटं ठेवायचं आणि नीट खळबळून घ्यायचं. क्लोरीनवालं ब्लीच मात्र कधीच नाही. ते इलॅस्टिक आणि पीयूएल दोन्ही खातं. शिवाय लघवीतल्या अमोनियाशी मिसळलं की क्लोरामाइन आणि व्हिनेगरसारख्या आम्लाशी मिसळलं की क्लोरीन, असे विषारी वायू बंद न्हाणीघरात तयार होतात.

एवढं सगळं करूनही मागची शिवण वीस-बावीस तास ओली राहायची. फरक पडला तो फुकटच्या गोष्टीने. धुतलेली पँटी जाड कोरड्या टॉवेलवर उलटी पसरायची, टॉवेल गुंडाळायचा आणि शिवणीच्या जागी गुडघ्याने मिनिटभर भार द्यायचा. टॉवेल ओलाचिंब होतो आणि वाळण्याचा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यानंतर कमरेला दोन चिमटे लावून, पट्टी दुमडणार नाही अशी, आतली बाजू बाहेर करून वाऱ्यावर किंवा पंख्याखाली टांगायची. आतल्या बाजूला तास-दोन तास ऊन मिळालं तर उत्तम. कडक ड्रायर आणि इस्त्री नाही. हे सुरू केल्यापासून कुबट वास गेला, आणि माझं या कपड्यांबद्दलचं मत निम्म्याहून अधिक त्यामुळे बदललं. घडी घालायची ती टिश्यू कोरडा निघाल्यावरच.

सुगंधी द्रव, अत्तर, सॉफ्टनर यांनी वास झाकला जातो आणि धाग्यांवर थर चढतो, तो वेगळा. मशीनच्या दाराच्या रबरी कडेत काळपट बुरशी असेल तर कितीही चांगलं धुवा, वास तिथूनच कपड्यात येतो. ती कड पुसून कोरडी ठेवा. नव्या, स्वच्छ पँटीलाही मासळीसारखा वास येत असेल, किंवा लघवीचा वास अचानक उग्र झाला आणि जळजळ होत असेल, तर दोष कपड्याचा नाही. डॉक्टरांना दाखवा.

पीयूएल सुटून त्यात फुगे आले असतील, हाताळताना तो कुरकुरत असेल, तर भिजवत बसू नका, ती पँटी संपली. नवीन घेताना शोषक पट्टी चारी बाजूंनी शिवलेली नको. एकाच टोकाला शिवलेली, जिभेसारखी बाहेर येणारी पट्टी घ्या. तिला दोन्ही बाजूंनी पाणी आणि वारा लागतो, आणि मागच्या शिवणीत ओल दबून राहायला जागाच उरत नाही.