सीईटीसाठी आठ महिने अभ्यासिकेत : वापरानंतरचा अनुभव (मानेवाडा, नागपूर)

बारावीचा अभ्यास वाढला तेव्हा घरी बसायला जागाच नव्हती. दोन खोल्या, त्यात आजीचा टीव्ही आणि दहावीतला भाऊ. म्हणून सप्टेंबरमध्ये मानेवाडा भागातल्या एका अभ्यासिकेत नाव टाकलं आणि एप्रिलअखेर सीईटी, म्हणजे इंजिनीअरिंगसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, होईपर्यंत तिथेच बसले. महिन्याला 800 रुपये, लॉकरचे 100 वेगळे. आता सीट सोडली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे बसलं की खरंच बसणं होतं. बहुतेक जण एमपीएससी आणि पोलीस भरतीवाले. सकाळी सहाला येतात, दुपारी तिथेच डबा खातात. त्यांच्यात बसून मोबाइल काढायची लाज वाटते. माझी सीट 27 नंबरची, तिन्ही बाजूंना प्लायच्या फळ्या, वर एक ट्यूबलाइट. फळीवर आधीच्या कोणीतरी पेन्सिलनं केमिस्ट्रीच्या आवर्तसारणीतल्या डी-ब्लॉकची पहिली ओळ लिहून ठेवली होती, स्कँडियमपासून झिंकपर्यंत. मी ती पुसली नाही. रोज डोळ्यांसमोर राहून राहून दिवाळीच्या आत पाठ झाली. बोर्डाच्या तयारीसाठी या जागेला मी पूर्ण गुण देते.

सीईटीचं मात्र वेगळं आहे. शेजारच्या सीटवरच्या ताईनं डिसेंबरात एकदा विचारलं, "तू दिवसभर वाचूनच राहिली गं, सोडवते कधी?" तेव्हा मला राग आला होता. जानेवारीत पहिला पूर्ण सराव पेपर दिला आणि गणितात 11 प्रश्नांना हातही लागला नाही. प्रत्येकी 2 गुण, म्हणजे 22 गुण न वाचताच गेले. पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित या गटाला) फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. मग गणिताच्या 50 प्रश्नांना वेगळी 90 मिनिटं. एका भागातला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. शांत जागेत, सावकाश, वही भरून सोडवायची सवय लागलेल्या मुलीला हे जड जातं.

त्यात मी जेईई मेन या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचीही तयारी करत होते, कारण नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश त्यावरच मिळतो. तिथे चुकलं की एक गुण कापतात, त्यामुळे शंका असली की प्रश्न सोडायची सवय. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत. तरी माझा हात थांबायचा! ही सवय मोडायला फेब्रुवारी पूर्ण गेला.

मग वेळापत्रक बदललं. अभ्यासिकेत फक्त थिअरी आणि चुकांची वही. पेपर घरी, पहाटे साडेचारला, आजी उठायच्या आत. वहीत उत्तर लिहायचं नाही, चूक का झाली तेवढंच : चिन्ह चुकलं, एकक विसरले, प्रश्नातलं 'नाही' वाचलंच नाही. मार्चमध्ये वही चाळली तर निम्म्याहून जास्त चुका घाईच्या होत्या. अकरावीचं पुस्तक मी काढून ठेवलं होतं तेही परत आणलं. साधारण 20 टक्के प्रश्न त्यातून येतात, आणि स्टेट बोर्डाचं पुस्तक ओळ न् ओळ वाचलेलं असेल तर ते हमखास सुटतात.

पेपर घरी न्यावे लागले त्याला वायफायही कारण होतं. सरावाच्या पेपरात मध्येच तुटायचं आणि टायमर चालूच. मालक काकांना तीनदा सांगितलं, दर वेळी "करून देतो" म्हणाले. ऑनलाइन टेस्ट सिरीज असेल तर स्वतःचा डेटा ठेवा.

उन्हाळ्याचंही सांगते. कूलर दरवाज्याजवळ एकच. एप्रिलच्या दुपारी मागच्या रांगेत हवा पोहोचत नाही, आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात. सीट घ्यायची तर मार्चच्या आधी पहिल्या तीन रांगांतली मागा.

मुलींसाठी रांग वेगळी आहे, बाथरूम स्वच्छ. रात्री साडेनऊला बाबा घ्यायला यायचे. उशीर झाला तर काका शटर अर्धं ओढून गेटपाशी थांबायचे, एकदाही मला एकटीला सोडून गेले नाहीत. आईला याचाच सगळ्यात मोठा आधार वाटायचा.