हर्बेरियम लावताना: बेंथम-हूकर की एपीजी?

कॉलेजचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचा संग्रह) नव्याने लावताना पहिला प्रश्न येतो तो कुलांच्या (फॅमिलींच्या) क्रमाचा: जुनी बेंथम-हूकर वर्गीकरण पद्धत घ्यायची की नवी एपीजी?

बेंथम-हूकर पद्धतीत (१८६२–१८८३) २०२ कुलं आहेत. पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, अंडाशय ऊर्ध्वस्थ (पाकळ्यांच्या वर) की अधःस्थ (खाली), अशी भिंगाखाली दिसणारी लक्षणं तिचा पाया आहेत. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा ग्रंथही (१९०१–१९०८) याच वळणाचा, त्यामुळे नमुना ओळखताना ही पद्धत सुटत नाही. मोठा दोष एकच: अनावृतबीजी (उघड्या बियांच्या) वनस्पती द्विदल आणि एकदल यांच्या मध्येच बसवल्या आहेत.

एपीजी, म्हणजे 'अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप' या गटाची सपुष्प वनस्पतींची पद्धत. तिच्या चौथ्या आवृत्तीत, एपीजी ४ (२०१६) मध्ये, ६४ गण (ऑर्डर) आणि ४१६ कुलं आहेत. आधार मुख्यतः डीएनएचा. फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो लिलिएसीत. जुन्या लिलिएसीतला कांदा आता ॲमॅरिलिडेसीत, शतावरी ॲस्परॅगेसीत, कळलावी कोल्चिकेसीत आणि कोरफड ॲस्फोडेलेसीत गेली. उलट रुईचं ॲस्क्लेपिएडेसी कुल ॲपोसायनेसीत विलीन झालं. साग व्हर्बिनेसीतून लॅमिएसीत आला, धामण टिलिएसीतून माल्व्हेसीत. नात्यांचं चित्र एपीजीत खरं उतरतं, पण फूल हातात धरून कुल ठरवणं अवघड होतं. द्विदल वनस्पतीच्या फुलात परागपुंज (एकत्र चिकटलेल्या परागकणांचे गोळे) दिसताच ॲस्क्लेपिएडेसी म्हणता यायचं, ती सोय गेली.

बाभळीचं 'व्हॅचेलिया निलोटिका' आणि खैराचं 'सेनेगॅलिया कॅटेचू' हे बदल वेगळे. तिथे प्रजाती (जीनस) बदलली, कुल नाही. शीट (नमुना चिकटवलेला कागद) दुसऱ्या कुलाच्या कप्प्यात हलवू नका.

संग्रह नवा, काहीशे शीटचा असेल तर एपीजी ४ घ्या आणि कुलं, कुलात प्रजाती, वर्णानुक्रमाने लावा. गणांचा क्रम विद्यार्थ्यांना पाठ नसतो. हजारो शीट आधीच लावलेल्या असतील तर कपाट आहे तसं ठेवा आणि एक्सेलच्या नोंदवहीत जुनं कुल, नवं कुल असे दोन रकाने करा. अर्धवट हलवाहलव सगळ्यात वाईट: शतावरीच्या चार शीट एका कप्प्यात, दोन दुसऱ्यात, आणि शोधणाऱ्याला वाटतं नमुना गहाळ झाला.

कुठलीही पद्धत घ्या, जुनं लेबल खरवडू नका. ते न झाकता त्याच्या वरच्या बाजूला नवी चिठ्ठी डकवा: सध्याचं शास्त्रीय नाव, ते नाव देणाऱ्या लेखकासह, कुल, ओळखणाऱ्याचं नाव, तारीख. शाई न फुटणारी वापरा.