बायको बरोबर येणार असेल तर ट्रकची केबिन कोणती: कंपनीची की बांधलेली?

इंदूरच्या देवास नाक्यावर चहा पिताना हा प्रश्न मला वर्षातून दोन-चारदा तरी कोणी ना कोणी विचारतोच. विचारणारा बहुतेक चाळिशी ओलांडलेला असतो. मुलं मार्गी लागलेली, घरात बायको एकटी, क्लीनर मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही. मग एक दिवस तीच म्हणते, "मी येते." गाडी नवी घ्यायचीच असते, पण गाडं अडतं ते इथे. कंपनीची तयार स्लीपर केबिन घ्यावी, की नुसती काऊल चेसिस, म्हणजे केबिन नसलेला इंजिन-चाकांचा सांगाडा, आणून इंदुरात केबिन बांधून घ्यावी?

मी दोन्ही चालवल्यात. बांधलेली आठ वर्षं, त्यातली शेवटची तीन ही बरोबर असताना. त्यानंतर कंपनीची अडीच वर्षं, तीही दोघांनी मिळून. लाइन एकच, इंदूर ते मुंबई किंवा न्हावाशेवा. जाताना बहुतेक सोयापेंड, येताना मिळेल ते. इंजिन, ॲव्हरेज, टायर हे तुम्हाला माझ्याइतकंच कळतं, ते सोडून देतो.

कंपनीच्या केबिनचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. दार ओढलं की बाहेरचा आवाज बाहेर राहतो. बांधलेल्या केबिनमध्ये इंजिन नवरा-बायकोच्या मधोमध, बॉनेटखाली. त्याच्या वरून बोलायचं म्हणजे बांधावरून गड्याला हाक मारावी तसं. माझ्याकडे आवाज मोजायचं यंत्र नाही, हिच्या झोपेवरून सांगतो. जुन्या गाडीत मानपूरला डोळा लागायचा आणि धामनोदच्या आधी घाटात गिअर पाडला की उघडायचा. कंपनीच्या गाडीत खलघाटला नर्मदेला हात जोडून आडवी व्हायची, ती थेट बिजासनीच्या देवळापाशी उठायची. आता दोघांनी गप्पा मारत जाऊ म्हणाल, तर आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झालीत. आवाजाने फारसं काही बुडत नव्हतं.

उकाडा हा दुसरा मुद्दा. निमाडातला मे महिना आणि पायाशी बॉनेट, हे ज्याने सोसलंय त्याला सांगायला नको. हिने बॉनेटवर गोधडीची चौघडी टाकली होती. तिच्यावर भाकरी गरम राहायची आणि तळपायही. पण १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, त्यामुळे नव्या गाडीपुरता हा वाद बराचसा संपल्यात जमा आहे. जुनी घेत असाल तर मात्र कंपनीची केबिन इथे पुढे.

टक्कर झाली तर कंपनीची केबिन जास्त टिकेल, याबद्दलही मी वाद घालणार नाही. ती चाचण्या पार करून आलेली असते. बांधलेल्या केबिनचं बरंचसं मिस्त्रीच्या वेल्डिंगवर असतं. ट्रकच्या केबिन आणि बॉडीसाठी एआयएस-०९३ चे नियम आहेत, ते पाळून कागद देणाराच बॉडीवाला गाठा. स्वस्तात पत्रा ठोकून देणाऱ्याच्या दारात उभंही राहू नका. रात्रभर गाडी हाकणारे असाल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडू द्या आणि पुढचं वाचू नका. आम्ही दहानंतर चालवत नाही. ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा कागद, २०० किलोमीटरला एक दिवस देतं, म्हणजे मुंबईपर्यंत तीन दिवस हातात असतात. पार्टी घाई करते, कागद करत नाही.

आता बर्थ. कंपनीची बर्थ एका माणसासाठी असते आणि तो माणूसही कुशीवर झोपणारा असावा लागतो. म्हणजे एक वर आणि दुसरा दोन सीटांवर मुटकुळं करून. बांधून घेताना मिस्त्री विचारतो, किती रुंद? तुम्ही सांगाल तेवढी. हुक तुम्ही सांगाल तिथे, पडदा तुम्ही सांगाल तिथून. स्वयंपाकाची पेटी बाहेर, बॉडीखाली डाव्या अंगाला लावता येते. सिलिंडर केबिनमध्ये ठेवू नका, कुठल्याच केबिनमध्ये.

पण बर्थ, आवाज, उकाडा यांतल्या कशानेच माझं ठरलं नव्हतं. ठरलं ते शिरपूरच्या अलीकडे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात पेंड भरून निघालो होतो. बिजासन घाट उतरलो, पळासनेर मागे टाकलं आणि गाडीने दम सोडला. डिझेलच्या लाइनमध्ये कुठेतरी हवा घेत होती. शिरपूरहून मिस्त्री आला, पुढची जाळी उघडून डोकावला आणि म्हणाला, "केबिन उठवावी लागेल."

ज्याने केबिनमध्ये संसार मांडला नाही त्याला यात काही वाटायचं नाही. हायड्रॉलिकचा दांडा हलवला की केबिन नाकावर कलते, मिस्त्री खाली इंजिनाशी लागतो. पण कलताना आतलं जे सुटं आहे ते सगळं पुढच्या काचेवर येतं. पहिल्यांदा आम्ही तेलाची बाटली विसरलो होतो. चार दिवस समोरून दिवा आला की काचेवर नुसती चमचम. तेव्हापासून नियम केला, आधी सगळं उतरवायचं.

कडेला ताडपत्री पसरली. गोधड्या, उशा, पाण्याचा कॅन, पोह्यांचा डबा, शेवेची पिशवी, मिसळणाचा डबा, तवा, हिच्या साड्यांची बॅग, सकाळी धुतलेले आणि अजून ओले असलेले कपडे, माझी गोळ्यांची डबी. डॅशबोर्डवरचा गणपती हिने ताडपत्रीवर ठेवू दिला नाही. वरून भुरभुर पाऊस. पदराखाली गणपती धरून ही उभी आणि समोर आमचं सगळं घर मांडलेलं, जाणारा-येणारा गाडी हळू करून बघतोय.

हिचं माहेर शिरपूरकडचं. एक मोटरसायकल पुढे गेली, थांबली, वळून आली. गल्लीतलाच पोरगा. "काय झालं वं ताई?" हिने सांगितलं, काही नाही, गाडी दुरुस्त होतेय. त्याने एकदा ताडपत्रीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान हलवून गेला.

लाइन अर्ध्या तासात जोडली. सामान परत लावायला दीड तास. माहेरी चहाला थांबलो तोवर बातमी आमच्या आधी पोचली होती की जावयाने संसार रस्त्यावर आणला. सासूबाई हसल्या. ही हसली नाही. नाशिकपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि केबिन इतकी शांत की तेही स्पष्ट ऐकू येत होतं.

त्या वर्षात केबिन पाच वेळा उठली. तुमची कदाचित एकदाही उठणार नाही. गाडी अगदी नवी असेल आणि सगळी कामं वॉरंटीत, ओळखीच्या वर्कशॉपला, सामान घरी उतरवून होत असतील, तर माझी तक्रार तुम्हाला फालतू वाटेल. सामान कमी ठेवा, असंही लोक सुचवतात. ठेवून पाहिलं. दोन माणसं दहा-दहा दिवस जिथे राहतात तिथे सामान साचतंच, आणि त्यातलं निम्मं माझं निघालं.

काऊलवर बांधलेली केबिन उठत नाही. इंजिनाचं वरचं काम असेल तर मिस्त्री आत येतो आणि बॉनेट उघडतो. तेही काही सुखाचं नाही. ग्रीसचे हात पडद्याला लागतात, चिंध्या सीटवर पडतात. पण ही त्याला बसायला पोतं देते, चहा टाकते आणि डोक्यावर उभी राहून कुठे हात लावू नको ते सांगते. मिस्त्री घरात आलेला हिला चालतो.

बांधलेल्या केबिनच्या सांध्यातून पावसात पाणी येतं, हेही सांगितलं पाहिजे. दोन पावसाळ्यांनी सील बदलावं लागतं आणि डावं दार खडखडतंच. मी त्यात कागदाची घडी खोचतो.

बाईमाणसाच्या आंघोळीचा आणि बाथरूमचा प्रश्न दोन्ही केबिन सोडवत नाहीत. त्यासाठी पंप ठरलेले हवेत. ढाब्यावर जेवा, मुक्काम पंपावर करा, आणि किल्ली कोणाकडे असते ते जेवायच्या आधी विचारा. पंपांवर ड्रायव्हरांसाठी 'अपना घर'च्या खोल्या झाल्यात, पण तिथे माझ्यासाठी खाट मिळाली तर हिचं काय, म्हणून आम्ही केबिनमध्येच झोपतो.

कागदाचं एक काम दोन्हीकडे सारखंच. आरसीवर किती माणसांची बैठक लिहिली आहे ते पाहा आणि बायकोचा अपघात विमा वेगळा काढा. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात आला. मालाच्या ट्रकमध्ये फुकट बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीच्या गळ्यात पडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगून ठेवलंय. बायको त्याच रांगेत बसते.

एकटे जाणार असाल, किंवा ती वर्षातून एखादा फेरा हौसेने येणार असेल, तर डोळे मिटून कंपनीची घ्या. मीही घेईन. ती बाराही महिने बरोबर असणार असेल तर निदान एकदा बॉडीवाल्याकडे जाऊन या, आणि तिला घेऊन जा.

आम्ही गेल्या महिन्यात गेलो. चेसिस उभी होती, वर नुसता सांगाडा. मिस्त्रीने हिला विचारलं, पायरी किती उंचावर ठेवू? कंपनीच्या गाडीत पहिली पायरी हिच्या गुडघ्याच्या वर यायची. हिने साडी किंचित वर धरून पाय उचलला, जिथवर सहज गेला तिथे थांबवला. मिस्त्रीने खडूने रेघ ओढली. मग त्याने विचारलं, देवाची फळी पुढे, काचेपाशीच ना?

"पुढे नको," ही म्हणाली. "मागच्या भिंतीला ठोका. तिथून त्याला कोणी उठवायचं नाही."