जुन्या गेम्सचा संग्रह ठेवायचा की विकायचा: कित्येक महिने खेळून पाहिल्यावरचा अनुभव

निकाल आधीच सांगते. संग्रहातला निम्म्याहून जास्त भाग विकते आहे आणि उरलेला कुणी कितीही मागितला तरी देणार नाही. महाग ते ठेवलं आणि स्वस्त ते विकलं, असं काही झालेलं नाही. कसोटी एकच लावली: हा गेम आज खेळावासा वाटला तर त्यासाठी हीच वस्तू लागते का? शेल्फसमोर उभं राहून याचं उत्तर मिळत नाही, तिथे सगळंच प्रिय वाटतं. म्हणून सगळे कन्सोल जोडले आणि कित्येक महिने खरोखर वापरले.

शेजारी मिस्टर ठेवला. हा डीई१०-नॅनो बोर्डावर चालणारा एफपीजीए (म्हणजे आतलं सर्किट हवं तसं पुन्हा रचता येणारी चिप) प्रकल्प आहे. एम्युलेटर जुन्या चिपची नक्कल सॉफ्टवेअरने करतो, तर इथे त्या चिपचं सर्किटच बोर्डावर नव्याने रचलं जातं. खेळायची इच्छा झाली की हात मूळ कन्सोलकडे जातो की याच्याकडे, आणि का, हे मला बघायचं होतं.

सुरुवातीचा काळ खेळण्यापेक्षा दुरुस्तीतच जास्त गेला. 'कपाटात ठेवलंय, काही खात नाही' असं आपण म्हणतो, पण कपाटातलं कार्ट्रिजही, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायची गेमची डबी, म्हातारं होत असतं. सुपर मारिओ वर्ल्ड (१९९०) किंवा पोकेमॉन रेड यांचा सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला याची नोंद, एसरॅम या मेमरीत राहतो. तिला सतत थोडा वीजपुरवठा लागतो आणि तो आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीतून येतो. बॅटरी संपली की सेव्ह गेला. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच बॅटरीवर चालतं, म्हणून ती आणखी लवकर संपते. प्रत्येक कार्ट्रिजचं असं नसतं. सुपर मारिओ ६४ ला बॅटरी लागतच नाही, कारण त्याचा सेव्ह ईईप्रॉममध्ये, म्हणजे विजेशिवाय टिकणाऱ्या मेमरीत असतो. त्याच कन्सोलवरच्या, निन्टेन्डो ६४ वरच्या, ऑकरिना ऑफ टाइमला मात्र लागते. तेव्हा आपल्याकडच्या कशात बॅटरी आहे याची यादी आधी करा.

बॅटरी सोल्डर केलेली असते आणि ती काढताना सेव्ह पुसला जातो. त्यामुळे आधी कार्ट्रिज रीडरने सेव्हची फाइल काढून घ्यायची, मग बॅटरी बदलायची, मग फाइल परत चढवायची. हे काम मी मनापासून केलं. एका कार्ट्रिजमध्ये ताईचा सेव्ह अजून जिवंत होता, तिने ठेवलेल्या नावांसकट. ती फाइल तिला पाठवली. त्यानंतर ते कार्ट्रिज विकायला माझी काहीच हरकत उरली नाही, हे मला स्वतःलाही नवीन होतं. ज्यात जीव अडकला होता तो भाग काही किलोबाइटचा होता.

कपॅसिटरचा, म्हणजे बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या छोट्या भागांचा, प्रश्न याहून गंभीर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच यंत्रांतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आता गळतात, आणि गळलेला द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. सेगाचा हातातला कन्सोल गेम गिअर यासाठी प्रसिद्धच आहे: आवाज क्षीण होतो, चित्र फिकट पडतं. पहिल्या एक्सबॉक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत घड्याळासाठी असलेला कपॅसिटर गळतो. तो वेळेवर काढून टाकला तरी कन्सोल चालतो, फक्त घड्याळ लक्षात राहत नाही. अशी यंत्रं ठेवायची असतील तर उघडून दुरुस्त करायची तयारी हवी. ती नसेल तर आजच विका, चालू स्थितीत विका. पाच वर्षांनी तेच यंत्र 'सुट्ट्या भागांसाठी' म्हणून जाईल. माझ्याकडचं एक हातातलं यंत्र मी याच कारणाने, दुरुस्ती करून, लगेच दिलं.

स्लॉटची मात्र धास्ती नको. कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची सवय सोडा, तोंडातल्या ओलाव्याने संपर्कबिंदू गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं की 'बिघडलेली' म्हणून बाजूला काढलेली बहुतेक कार्ट्रिजं चालू होतात.

आता खेळण्याबद्दल. जुना कन्सोल सपाट टीव्हीला सरळ जोडू नका आणि त्यावरून मत तर अजिबात बनवू नका. हे कन्सोल २४० ओळींचं चित्र पाठवतात. कित्येक नवे टीव्ही त्याला ४८० इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांतून बनणारं चित्र) समजतात, दोन चित्रं एकमेकांत मिसळायला जातात, आणि चित्र धूसर होतं, बटण दाबल्यावर उशीरही जाणवतो. ओएसएससीसारखा स्कॅन कन्व्हर्टर, म्हणजे हे चित्र नव्या टीव्हीला समजेल असं करून देणारी पेटी, मध्ये घातला आणि ज्या गेम्सना मी 'आता पूर्वीसारखी मजा नाही' म्हणून विक्रीच्या ढिगात टाकणार होते, त्यातले काही उठून परत आले. मजा गेली नव्हती, टीव्ही आड येत होता.

सीआरटी, म्हणजे जुना काचेच्या नळीचा, टीव्ही ठेवला आहे, आणि तो बंदुकीने बदकं टिपायच्या डक हंट या गेमसाठी. खटका ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड शोधतो. हे सगळं सीआरटीच्या ठरलेल्या वेळेवर बेतलेलं आहे. सपाट पडद्यावर चित्र उशिरा येतं, त्यामुळे ती बंदूक तिथे आंधळी ठरते. इथे मूळ वस्तूला पर्याय नाही. बंदूक, कार्ट्रिज आणि टीव्ही हा एकच संच आहे. त्यातलं एक विकलं तर बाकीचं निरर्थक.

गेम बॉयही राहिला. १६० बाय १४४ ठिपक्यांची ती चित्रं हातातल्या छोट्या पडद्यासाठी काढलेली आहेत. मोठ्या पडद्यावर मी ते गेम सुरू करायचे आणि थोड्याच वेळात बंद करायचे. हातात घेतल्यावर मात्र पुढे पुढे खेळत राहायचे.

मेगा ड्राइव्ह आणि सुपर निन्टेन्डोची कार्ट्रिजं मात्र मिस्टरपुढे टिकली नाहीत. माझी बरीचशी पाल (PAL) या टीव्ही पद्धतीची होती, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांची. साठसाठी रचलेला गेम पन्नासवर तसाच चालवला की सुमारे १७ टक्के हळू पळतो. १९९१ चा सोनिक लहानपणी मी ज्या गतीने खेळले ती त्याची खरी गतीच नव्हती, त्याचं संगीतसुद्धा संथ होतं. एकदा ६० वर खेळल्यावर त्या कार्ट्रिजकडे हात गेला नाही. कंट्रोलर मात्र विकले नाहीत. ते ॲडॉप्टरने मिस्टरला लागतात, आणि त्या गेम्सची निम्मी ओळख अंगठ्याखालच्या त्या बटणांतच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण विक्रीच्या चर्चांत ती सहसा कुणी बोलत नाही. मिस्टरवर मी माझ्याच कार्ट्रिजवरून काढलेल्या कॉपी चालवते. कार्ट्रिज विकलं की ती कॉपीही मी पुसते. कॉपी ठेवून मूळ विकणं मला पटत नाही. म्हणून 'मिस्टरवर छान चालतो' एवढं कारण विकायला पुरत नाही. तो गेम आज अधिकृतपणे दुसरीकडे मिळतो का, हेही बघावं लागतं. क्रोनो ट्रिगर (१९९५) पीसीवर मिळतो, मी तो विकत घेतला आणि कार्ट्रिज दिलं.

ही वाटही कायमची नसते. निन्टेन्डोच्या वी कन्सोलचं ऑनलाइन दुकान, वी शॉप, ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं, त्यांच्याच वी यू आणि थ्री-डीएसच्या ई-शॉपमधली खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबली. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या अभ्यासात दिसलं की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात उपलब्धच नव्हते. जे या ८७ टक्क्यांत मोडतं आणि मला खेळायचं आहे, ते मी हातचं जाऊ देणार नाही.

विकताना भावाच्या बातम्यांनी हुरळू नका. जुलै २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, पण ती सीलबंद होती आणि तिला स्थिती तपासणाऱ्यांकडून जवळजवळ परिपूर्ण ग्रेड मिळालेला होता. आपल्या उघड्या कार्ट्रिजचा त्याच्याशी काही संबंध नाही. सुटं कार्ट्रिज, खोका-पुस्तिकेसह संपूर्ण आणि सीलबंद असे तीन वेगळे भाव असतात; आपला कोणता ते बघा, आणि मागितलेले नव्हे तर व्यवहार झालेले आकडे बघा. नकली कार्ट्रिजांचा सुळसुळाट आहे, म्हणून ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (कार्ट्रिजच्या खास स्क्रूसाठीचा स्क्रूड्रायव्हर) घ्या, कार्ट्रिज उघडा आणि आतल्या बोर्डाचा फोटो जाहिरातीतच टाका. बॅटरी बदलली असेल तर तसं लिहा. सगळं एकगठ्ठा एकाच घेणाऱ्याला दिलं तर कमी पैसे येतात पण काम संपतं. मी मधला मार्ग धरला, कन्सोलबरोबर त्याचे गेम असे संच केले.

सेगाच्या सॅटर्न या डिस्कवाल्या कन्सोलने सर्वात जास्त वेळ घेतला. पॅन्झर ड्रॅगून सागा (१९९८) ही माझ्याकडची सर्वात किमती वस्तू, आणि तो गेम आजवर पुन्हा कधीच प्रकाशित झालेला नाही. चारही डिस्क मी या काळात पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळले आणि तो राहणार हे ठरलं. आता फक्त थकत चाललेल्या ड्राइव्हचं काय करायचं एवढं उरलं आहे: लेझर बदलायचा, की ड्राइव्हच्या जागी एसडी कार्डाचा बोर्ड बसवायचा. बोर्ड जास्त टिकेल, तरी माझा कल लेझरकडे आहे, कारण या डिस्क फिरवायच्याच नसतील तर त्या ठेवायचं कारण माझ्याकडे उरत नाही.