आठ हजाराच्या दगडासोबतचा पांढरा नागुरा: घासावा कुठे, धुवावा कधी

वस्तऱ्याला धार लावायच्या किंग या जपानी ब्रँडच्या ८००० नंबरच्या (नंबर जितका मोठा, तितका कण बारीक) काही दगडांसोबत एक छोटा पांढरा ठोकळा येतो. तसाच ठोकळा सुटाही मिळतो. हा नागुरा, म्हणजे स्लरी काढायचा दगड. नवीन माणूस पहिल्याच दिवशी तो घासून दगडावर दुधासारखं पाणी काढतो आणि शेवटच्या फेरीपर्यंत वस्तरा त्यातच फिरवतो. मग दाढीला बसल्यावर केस कापण्याऐवजी ओढले जातात आणि शिव्या खातो तो दगड.

स्लरी म्हणजे काय ते कोकणात समजावून सांगायला नको. सहाणेवर खोड उगाळल्यावर गंध येतं, तसंच हे. फक्त इथे वरचा ठोकळा झिजतो आणि खालचा दगडही थोडा झिजतो, म्हणजे पाण्यात दोघांचेही कण असतात. घोळ नावापासून सुरू होतो. मूळचा नागुरा हा जपानातल्या मिकावा भागातला नैसर्गिक दगड. तिकडचे शेवटच्या धारेचे नैसर्गिक दगड इतके टणक असतात की नुसत्या पाण्यावर फार सावकाश कापतात. म्हणून कापायचं काम नागुऱ्याच्या कणांवर सोपवलेलं असतं, आणि बोतान, तेंजो, मेजिरो, कोमा अशा जाती एकामागून एक वापरतात. सिंथेटिक दगडात मापून घेतलेले कण आधीच बसवलेले असतात. जपानी मानकाप्रमाणे १००० नंबरचा कण सरासरी ११.५ मायक्रॉनचा असतो, ४००० चा ३ आणि ८००० चा १.२. घासत राहिलं म्हणून ८००० च्या दगडातून १२००० ची धार निघत नाही. उलट नागुरा जाड कणाचा असेल तर १.२ मायक्रॉनच्या दगडावर आपणच खरखर पसरवून ठेवतो.

दुसरी अडचण धारेच्या टोकाची. वस्तरा दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून चालवतात. पाण्यात सुटे कण असले की ते थेट टोकावर आदळतात आणि टोक किंचित बोथट होतं. कोयत्याला त्याने काही फरक पडत नाही, गालाला पडतो.

मग हा ठोकळा घ्यायचा कशाला? दगड साफ करायला. बारीक सिंथेटिक दगडावर, विशेषतः नानिवा कंपनीच्या १२००० च्या सुपर स्टोनसारख्या, रेझिनने कण बांधलेल्या दगडावर, पोलादाची काळी चकाकी चढते. पृष्ठभाग गुळगुळीत होतो, वस्तरा कापत नाही, नुसता सरकतो किंवा मध्येच चिकटतो. तिथे नागुरा फिरवला की अर्ध्या मिनिटात दगडाचं तोंड मोकळं होतं. या कामाला पाचपैकी चार गुण, धार चढवायच्या कामाला दीड. तो दीडही ४००० च्या आसपासच्या दगडासाठी, कारण तिथे पातळ स्लरीने काम थोडं लवकर उरकतं आणि राहिलेली कसर पुढचा दगड भरून काढतो.

पद्धत अशी. आधी दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि हिऱ्याच्या प्लेटने थोडं घासून, रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या जातात का, म्हणजे तो सपाट आहे का ते पाहा. हे नागुऱ्याने करू नका; मध्ये खळगा असेल तर नागुरा खळग्यातही शिरून रेघा पुसतो आणि दगड सपाट असल्याचा भास होतो. सपाट करायचं काम हिऱ्याच्या प्लेटचंच. नागुऱ्याच्या सगळ्या कडा आधी घासून गोल करा. धारदार कडेचा कपचा सुटला की दगडावर चरा पडतो आणि तोच कपचा पुढे धारेला खाच पाडतो. पाण्याचे सात-आठ थेंब टाकून हलक्या हाताने, छोट्या वर्तुळांत, पूर्ण दगडभर दहा-पंधरा सेकंद फिरवा. पाणी पातळ ताकासारखं झालं की थांबा. एका जागी दाबून घासलं तर तिथे खोलगट होतं. ८००० किंवा त्यापुढच्या दगडावर आता सगळं धुऊन टाका, दगडाच्या बाजूसुद्धा, आणि शेवटच्या वीस-तीस फेऱ्या फक्त वस्तऱ्याच्या वजनाने, स्वच्छ पाण्यावर. ४००० वर स्लरी ठेवलीत तर ती काळी होऊ लागेल. काळी होणं चांगलं, पोलाद निघतंय. घट्ट होणं वाईट; सुकत आलेल्या चिखलात पातं अडकतं, तेव्हा दोन थेंब टाकत राहा.

पाण्याचं म्हणाल तर खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. ते पाणी दगडाला चालतं, पण कार्बन पोलादाच्या पात्यावर सुकलं की बारीक गंज धरतो आणि धारेवर टिपके पडतात. पागोळ्यांचं पाणी गोड खरं, पण कौलांवरची माती घेऊन येतं, ते दुहेरी फडक्यातून गाळूनच घ्या. अंगणातल्या जांभ्याची लाल धूळ बोटाला लागलेली असेल तर तीही दगडावर जाते, म्हणून पडवीत बसण्यापेक्षा मोरीजवळ बसलेलं बरं.

रेझिनचा दगड पाण्यात बुडवून ठेवू नका, आणि सुकवायला उन्हात किंवा पंख्याखालीही नको, तडे जातात. पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस सुकत नाही. बंद डब्यात न टाकता कडेवर उभा ठेवा. नागुराही दगडावर पालथा सोडू नये, ओला चिकटून बसतो. पात्याला खोबरेलाऐवजी शिलाई मशीनचं तेल लावा. खोबरेल खवट होऊन चिकटतं.

रत्नागिरी-चिपळूणच्या हार्डवेअरच्या दुकानात कोयत्यासाठी मिळणारा करडा कार्बोरंडमचा तुकडा नागुरा म्हणून कधीही वापरू नका. त्याचा एक जाड कण ८००० च्या दगडात रुतला की तो दगड पुन्हा प्लेटवर घासून काढावा लागतो. सपाट करायला आटोमासारखी बारीक हिऱ्याची प्लेट आधीच घेतली असेल तर वेगळा नागुरा विकत घ्यायची गरज नाही. ती प्लेट त्याच दगडाचे, त्याच मापाचे कण सोडवते आणि सपाटपणाही राखते. मात्र नवी प्लेट आधी स्वस्त दगडावर थोडी घासून घ्या, तिचे सैल हिरे सुरुवातीलाच गळतात.