जानेवारीतला केदारकंठा, तिथला बर्फ आणि आमचे ट्रेकवाले

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर ट्रेकला जायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सध्या बर्फ किती फूट आहे?" मी पण तोच विचारला होता. आमच्या ट्रेकवाल्यांनी लगेच "सर फुल स्नो, तीन ते चार फूट" असा रिप्लाय दिला आणि खाली पाच फोटो टाकले, त्यातल्या एकात मागे बुरांस या पहाडी झाडाची लालभडक फुलं. आता बुरांस फुलतो मार्च-एप्रिलात आणि आम्ही निघालो होतो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे फोटो कधीचे ते तुम्हीच समजा. तेव्हा मला फुलाचं हे माहीत नव्हतं, परत आल्यावर गॅलरी बघताना डोक्यात प्रकाश पडला.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा गाईड सोन्यासारखा माणूस होता आणि त्याच्या पोटावर पाय आणायचा नाहीये.

आम्ही चौघं, मी, बायकोचा भाऊ आणि ऑफिसातले दोघं. सगळे साताऱ्याचे, सगळे सह्याद्रीत वीस-पंचवीस किल्ले फिरलेले, त्यामुळे मनात थोडी मस्ती होतीच की बारा हजार पाचशे फूट म्हणजे काय, चढून जाऊ. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि ट्रेक जिथून सुरू होतो ते सांक्री गाव १९०० मीटरच्या वर, म्हणजे आपण गाडीतून जिथं उतरून चहा मागतो तिथंच कळसूबाईच्या डोक्यावर असतो. ही गोष्ट जायच्या आधी एकदा शांत बसून पचवा.

डेहराडून ते सांक्री साधारण दोनशे किलोमीटर, पण सगळा घाट. मसुरी, नैनबाग, पुरोला, मोरी, नेटवाड करत आम्हाला दहा तास लागले, मेहुण्याने तीनदा गाडी थांबवली आणि का ते लिहीत नाही. नेटवाडला रुपिन आणि सुपिन या दोन नद्या मिळून पुढे टोन्स होते, तिथं गोविंद अभयारण्याच्या चौकीवर परमिट बघतात, ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा नाहीतर सगळी सॅक रस्त्यावर उपसावी लागते. पुरोल्याच्या पुढे जरमोल्याला रस्त्याच्या कडेला दोन दिवसांपूर्वीचा बर्फ पडलेला होता. ड्रायव्हर म्हणाला जास्त पडला की रस्ता इथंच अडकतो, म्हणून परतीच्या ट्रेनला किंवा विमानाला एक दिवस मोकळा ठेवा. आम्ही ठेवला होता, बॅचमधल्या एका कुटुंबाने नव्हता ठेवला आणि बिचारे चारही दिवस आभाळाकडेच बघत होते.

आता मुद्द्याचं, बर्फ.

सांक्रीत बर्फ नव्हता, नुसता चिखल. कंपनीने सांगितलेले तीन-चार फूट कुठं गेले म्हणून आम्ही एकमेकांकडे बघतोय. तास-दीड तास चढल्यावर झाडीत पांढरे तुकडे दिसायला लागले, मग वाट पांढरी झाली आणि तिथंच मी पहिल्यांदा सपशेल आपटलो. गंमत म्हणजे तिथं बर्फ जेमतेम चार बोटं होता. गाईड (त्याला सगळे भैजी म्हणत होते, आम्ही पण तेच म्हणायला लागलो) हात देऊन उठवत म्हणाला, "सर, कम बरफ ही गिराता है, ज्यादा वाला तो पकड़ लेता है."

हे एक वाक्य मी चार दिवस अनुभवलं. होतं काय की सीझनमध्ये त्या वाटेवरून रोज शेकडो माणसं आणि वर सामानाची खेचरं जातात. पायाखाली बर्फ दाबला जातो, दुपारच्या उन्हात वरचा थर जरा वितळतो, रात्री परत गोठतो, सकाळी परत त्याच्यावरून माणसं. दोन-तीन दिवसांत वाटेची फरशी होते, घासून गुळगुळीत केलेली, आणि वर खेचरांची लीद गोठलेली ती वेगळीच. वाट सोडून बाजूला पाय ठेवला तर गुडघ्यापर्यंत आत, पण तिथं घसरत नाही, फक्त दमछाक होते आणि बुटात बर्फ जातो. म्हणून ताजा बर्फ पडल्यानंतरचा पहिला-दुसरा दिवस चालायला सगळ्यात सोपा आणि आठवडाभर काहीच पडलं नसेल तर सगळ्यात अवघड, बाहेरून बघणाऱ्याला मात्र उलटं वाटतं. तेव्हा ट्रेकवाल्यांना फूट विचारू नका, शेवटचा बर्फ कधी पडला ते विचारा आणि वाटेचा आज सकाळचा व्हिडिओ मागा, झाडांचा नको, पायाखालचा.

आणि वेळ. एकच उतार सकाळी सातला काच, अकराला छान मऊ, दुपारी दोनला भिजलेल्या साखरेसारखा लगदा जो बुटाच्या खाली गोळा होऊन चिकटतो आणि स्पाईक्स (बुटावर चढवायचे, साखळीला काटे असलेले रबरी पट्टे) असून नसल्यासारखे होतात. भैजी दर पंचवीस-तीस पावलांनी काठीने बूट ठोकायला लावायचा. त्यात उन्हाची बाजू कुठली, सावलीची कुठली यावर परत सगळं बदलतं, वळण घेतलं की दुसराच बर्फ.

पहिला मुक्काम जुडा तालाब, साधारण नऊ हजार शंभर फूट. तळं गोठलेलं होतं, लोक त्याच्यावर उभे राहून रील काढत होते, भैजीने आमच्या बॅचला सरळ मनाई केली. बॅचमधल्या दोघांनी तोंड वाकडं केलं पण त्याने ऐकलं नाही, इथं त्याला पूर्ण मार्क. त्याने काठावर काठी आपटून आवाज ऐकवला, कडेला टणक आणि थोडं आत गेलं की बद्द, खाली पाणी. पुढे बोलायचं कामच नाही.

तंबू तिघांत एक, ठीक होते. स्लीपिंग बॅग उबदार होती पण आधीच्या माणसाच्या मोज्यांचा वास तिच्यात मुक्कामाला होता, आतलं कापडी अस्तर स्वतःचं न्या. रात्री आपल्याच श्वासाची वाफ तंबूच्या आतून गोठते आणि सकाळी कोणी तंबूला धक्का दिला की ती भुरभुर थेट तोंडावर पडते, अलार्मची गरज नाही. पाण्याची बाटली उलटी ठेवायची हे मला भैजीनेच शिकवलं, बर्फ वरून धरायला लागतो, म्हणजे बाटली सरळ केली की झाकणाच्या बाजूला पाणीच असतं. साधी गोष्ट, पण पहाटे दोनला तहान लागल्यावर तिची किंमत कळते. नळीवाली पाण्याची पिशवी नेऊ नका, नळी आधी गोठते.

जेवण मात्र एक नंबर. राजमा, भात, गरम सूप, रोज पोळ्या, त्या थंडीत उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या माणसाला दंडवत. आम्ही संक्रांतीच्या उरलेल्या गुळपोळ्या नेल्या होत्या, अकरा हजार फुटांवर त्या अशा कडक झाल्या की मेहुण्याने एक तंबूच्या खुंटीवर आपटून तोडली. स्वयंपाकी भाऊंनी त्या तव्यावर तूप सोडून गरम करून दिल्या, स्वतः पण एक खाल्ली आणि म्हणाले हमारे यहाँ भी ऐसा कुछ बनता है. तिळाचे लाडू न्यायला जास्त बरे, खिशात मावतात आणि दातात मोडतात.

दुसऱ्या दिवशी बेस कॅम्प, सव्वा अकरा हजार फूट, तिथं झाडी संपत येते आणि वाऱ्याला अडवायला काही राहत नाही. संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावून सगळ्यांचं रीडिंग वहीत लिहिलं. बॅचमधल्या एका मुलीचं डोकं दुपारपासून ठणकत होतं आणि तिने सांगितलं नव्हतं. भैजीला तिच्या चालण्यावरून कळलं. रात्री बरं वाटलं नाही तेव्हा त्याने वाद न घालता एक असिस्टंट सोबत देऊन तिला अंधारातच खालच्या कॅम्पला पाठवलं. कंपनीबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे त्याच्या आधी हे लिहिणं भाग आहे, कारण उंची बाधल्यावर खाली उतरणं हेच खरं औषध आणि पैसे भरलेल्या माणसाला "तुम्ही खाली जा" म्हणायला हिंमत लागते.

समिटचा दिवस. पहाटे दोनला उठवलं, साडेतीनला निघालो. मोबाईल थंडीत गप्पकन बंद पडतो, आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. वर चढायला उरलेले फक्त साडेबाराशे फूट, ऐकायला काही नाही, पण शेवटचा टप्पा उभा आणि त्या अंधारात आमच्या पुढे हेडटॉर्चची रांग, आळंदीच्या दर्शनबारीसारखी. आणि रांगेत उभं राहणं हाच सगळ्यात मोठा त्रास आहे. चालताना गरम असतं, थांबलं की दोन मिनिटांत बोटं बधिर. पुढचा थांबला की आपण थांबायचं, बाजूने जायला जागा नाही कारण बाजूला मांडीइतका बर्फ. डिसेंबरच्या सुट्ट्यांत तर याहून गर्दी असते म्हणे आणि गंमत म्हणजे डिसेंबरात बर्फाची खात्री कमी. वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येऊन इथं बर्फ पाडणारं हवामान, वेळेवर आला तर पांढरं, नाही आला तर तपकिरी. बर्फच बघायचा असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी.

इथंच माझ्या डाव्या पायाचा मायक्रोस्पाईक तुटला. सांक्रीत एका दुकानातून भाड्याने घेतलेला, रबराला आधीच चीर होती, मी बघितली पण होती, आणि दुकानदार म्हणाला "कुछ नहीं होगा सर" म्हणून गप्प बसलो. उभ्या उतारावर रबर फट्कन तुटलं, साखळी बुटाच्या मागे लोंबायला लागली आणि तो पाय एकदम अनाथ. भैजीने खिशातून नायलॉनची सुतळी काढली, हातमोजे दातात धरून उघड्या बोटांनी साखळी बुटाला आडवी-उभी बांधली, दोन मिनिटं लागली असतील. मग दाखवलं, चढताना बुटाचं टोक बर्फात मारायचं, उतरताना टाच, आणि बसकण मारून चालायचं नाही, वजन पायावर ठेवायचं. घाबरून मागे झुकलं की हमखास घसरतो, हे आपल्याला घसाऱ्यावर माहीत असतं तरी बर्फावर विसरायला होतं.

वर पोचलो तेव्हा नुकतं तांबडं फुटत होतं. दगडांची रास, त्रिशूळ, समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग. स्वर्गारोहिणीच्या टोकावर आधी ऊन आलं आणि मग ते हळूहळू खाली सांडत गेलं. फोटो नाही काढला, मोबाईल बंद होता. तिथली कथा अशी सांगतात की महादेव इथंच ध्यानाला बसले होते, गुराच्या घंटेचा आवाज झाला आणि ते उठून केदारनाथला गेले. त्या दिवशीचा कलकलाट बघता महादेवांचा निर्णय बरोबर होता.

उतरताना लोक बुडाखाली प्लास्टिक घेऊन घसरत होते. मजा वाटते, पण पायात स्पाईक्स असताना घसरू नका, काटा बर्फात अडकला की घोटा जागच्या जागी आणि शरीर पुढे. आमच्या समोर एक जण असाच गेला, नशिबाने नुसता मुरगळला. स्पाईक्स काढून घसरलात तरी खाली झाडं आणि दगड आहेतच.

आता हिशेब. गाईड पाचपैकी पाच. जेवण पाच. तंबू साडेतीन. कंपनीचं ऑफिस, म्हणजे फोनवर बोलणारी मंडळी, पाचपैकी एक. बॅच पंधराची सांगितली होती, निघालो सव्वीस जण, एक गाईड आणि दोन असिस्टंट. त्यातला एक त्या मुलीबरोबर खाली गेला, म्हणजे समिटला पंचवीस माणसांमागे दोघंच. सामान खेचरावर द्यायचे पैसे पॅकेजमध्ये आहेत म्हणाले होते, सांक्रीत वेगळे घेतले. आणि ते फोटो. परत आल्यावर मी बुरांसचं विचारलं तर "सर ग्राफिक टीमने टाकला असेल" असं उत्तर आलं.

सामानात बुटांवर पैसे घाला. वॉटरप्रूफ, घोट्याच्या वर येणारे, महिनाभर आधी घेऊन घरात आणि अजिंक्यताऱ्यावर घालून फिरलेले. सह्याद्रीत घालतो ते स्वस्तातले बूट कातळावर राजे आहेत, बर्फात अर्ध्या तासात स्पंज होतात, आमच्या ऑफिसातल्या एकाने तेच आणले होते आणि त्याच्या पायात शेवटी मोज्यांवर ब्रेडच्या पिशव्या होत्या. गॉगल विसरू नका, हौस म्हणून नाही, बर्फावरून परत येणारं ऊन डोळे जाळतं. आणि स्पाईक्स भाड्याने घेणार असाल तर दुकानातच रबर दोन्ही हातांनी ताणून बघा, चीर दिसली तर दुसरा जोड मागा, फोटो काढून ठेवा.

मी फोटो काढला नव्हता. सांक्रीत परत आल्यावर दुकानदाराने सुतळी सोडवली, उजेडात धरून एकेक काटा मोजला आणि म्हणाला, "सर, रबर टूटा है," आणि डिपॉझिटमधले निम्मे पैसे कापले. मेहुणा भांडायला पुढे सरसावला तेवढ्यात गाडीवाल्याने हॉर्न दिला, दहा तासांचा घाट होता आणि पुढची सीट तो दुसऱ्या कोणाला द्यायला निघाला होता.